दोन वर्षं दम्याचा पंप, आता स्कॅनमध्ये श्वासनलिकेत गाठ. दुर्बीण करावी का?

वसमतचा भाऊ

नमस्कार. बहिणीबद्दल विचारतोय. थोडं लांबेल, पण सगळं सांगितल्याशिवाय कळणार नाही.

बहीण २९ वर्षांची, सासर पूर्णा तालुक्यात. घरची हळद आहे. हळद शिजवून वाळली की ड्रममध्ये घालून पॉलिश करतात, तेव्हा अंगणभर पिवळी धूळ उडते. अडीच वर्षांपूर्वी त्याच दिवसांत तिला खोकला आणि धाप सुरू झाली. गावातल्या डॉक्टरांनी दमा सांगितला, पंप दिला. पंप ती न चुकता घेते. महिना-दीड महिना बरं असतं, मग पुन्हा ताप, पुन्हा खोकला, पुन्हा सलाइन. असं तीनदा झालं. तिन्ही वेळा न्यूमोनिया निघाला आणि तिन्ही वेळा उजव्या बाजूला, खाली.

पोळ्याच्या आधी बेडक्यातून रक्त आलं, चमचाभर असेल. तेव्हा मीच जाऊन तिला नांदेडला नेलं. सीटी स्कॅनमध्ये उजव्या श्वासनलिकेच्या आत १.८ सेंटिमीटरची गुळगुळीत गाठ दिसली, आणि तिच्या पलीकडचा फुफ्फुसाचा भाग दबलाय असं लिहिलंय. बेडक्याची टीबीची तपासणी दोनदा केली, दोन्ही वेळा निगेटिव्ह.

आता एक डॉक्टर म्हणतात, दुर्बीण घालून तुकडा काढू. दुसरे म्हणतात, वय लहान आहे, गाठ गुळगुळीत आहे, साधीच असेल, सहा महिन्यांनी परत स्कॅन करू. सासऱ्यांचं म्हणणं, गाठीला हत्यार लागलं की ती पसरते, हात लावू नका, त्यापेक्षा टीबीचा कोर्स सुरू करा. बहीण काहीच बोलत नाही. तिला चार वर्षांचं लेकरू आहे.

कोणाच्या घरी असं झालंय का? दुर्बिणीत रक्त फार जातं का?

जिंतूरकर

दादा, घाबरू नका. आमच्या गल्लीत दोघांना असंच रक्त पडत होतं, दोघांनाही टीबी निघाला. सहा महिन्यांच्या गोळ्यांनी ठणठणीत झाले. तपासणी निगेटिव्ह आली तरी टीबी असू शकतो, हे मला आमच्या आरोग्य केंद्रातल्या सिस्टरांनी सांगितलंय. गोळ्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. आधी कोर्स करून बघा, दुर्बीण नंतरही करता येईल.

मोंढ्यातला मुनीम

भाऊ, मी लातूरचा. मोंढ्यात एका आडतीवर मुनीम आहे, २१ वर्षं झाली. तुमची पोस्ट दुपारी वाचली, त्यानंतर वहीत लक्ष लागलं नाही. आता जेवण करून बसलोय. जे आठवतंय ते सगळं लिहितो.

तुमच्या बहिणीचं जे चाललंय तेच माझं २०१५ ते २०१९ अशी चार वर्षं चाललं. तिची उजवी बाजू, माझी डावी, एवढाच फरक.

तुरीची, सोयाबीनची आवक सुरू झाली की मोंढ्यात चाळण्यांवरून धूळ उठते ती संध्याकाळपर्यंत खाली बसत नाही. हमाल तोंडाला उपरणं बांधून पोती उचलतात. अशा जागी बसणाऱ्या माणसाला धाप लागली तर धुळीचा दमा हेच कोणाच्याही तोंडी येणार. माझ्याही आलं. कारण इतकं समोर दिसत होतं की आणखी काही शोधावं असं ना डॉक्टरांना वाटलं, ना मला. तुमच्याकडे त्या धुळीच्या जागी हळद आहे.

घरघर पहिल्यांदा बायकोने पकडली. मी कुशीवर झोपलो की तिला शिट्टीसारखा आवाज यायचा. एका रात्री तिने पाठीला कान लावला आणि म्हणाली, “उजवीकडून काहीच वाजत नाही हो, डावीकडूनच वाजतंय.” मी हे दवाखान्यात सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि पंप बदलून दिला. दम्याची घरघर दोन्हीकडून येते, एकाच बाजूने एकाच सुराची शिट्टी येत असेल तर तिथे काहीतरी अडकलंय का ते पाहावं लागतं, हे मला चार वर्षांनी कळलं. बायकोला मात्र पहिल्याच वर्षी ऐकू आलं होतं.

आणखी एक गोष्ट. जास्त त्रास झाला की मला पाच-सात दिवस स्टेरॉइडच्या गोळ्या द्यायचे आणि त्याने खरंच बरं वाटायचं. त्यामुळे सगळ्यांची खात्री पटली की दमाच आहे. पुढे मला समजावून सांगितलं गेलं की गोळ्यांनी गाठीभोवतीची सूज उतरते, हवेला फट मिळते, पण गाठ आहे तिथेच राहते. “महिना-दीड महिना बरं असतं” असं तुम्ही लिहिलंय, तिथे मी थांबून परत वाचलं.

२०१७ ला डाव्या बाजूला खाली न्यूमोनिया. २०१८ ला परत तिथेच. मग जिंतूरकर म्हणतात तसंच झालं. बेडका निगेटिव्ह असताना माझा टीबीचा कोर्स सुरू केला. जिंतूरकर, तुमच्या गल्लीतले दोघं बरे झाले याचा आनंदच आहे आणि आपल्याकडे टीबी खूप आहे हेही खरंच. पण मला तो नव्हता. सहा महिने लाल लघवी, तोंडाची चव गेलेली, सांधे धरलेले. कोर्स संपला तेव्हा गाठ सहा महिन्यांनी मोठी झाली होती आणि तिच्या मागचं फुफ्फुस सहा महिने आणखी कुजलं होतं.

वळण लागलं ते जुन्या फोटोंमुळे. आमच्या आईला कुठलाही कागद टाकवत नाही. छातीचे सगळे फोटो तिने गादीखाली सपाट ठेवले होते. एका नव्या डॉक्टरांकडे गेलो तेव्हा त्यांनी छाती तपासायच्या आधीच विचारलं, “जुन्या फिल्म आहेत का?” मी चार दिल्या. त्यांनी त्या तारखेप्रमाणे दिव्यावर ओळीने लावल्या. पहिली २०१५ ची, तिच्यात काही नाही. पुढच्या तिन्हींमध्ये त्यांनी एकाच कोपऱ्यावर बोट ठेवलं. म्हणाले, “प्रत्येक कागदावर तुम्ही बरे झालात असं लिहिलंय. पण हा कोपरा नंतर एकदाही पुरता काळा झालेला नाही.” फोटोत हवेने भरलेलं फुफ्फुस काळं दिसतं, तर माझा तेवढा भाग दोन वर्षं धुरकट होता. वेगवेगळ्या दवाखान्यांत प्रत्येकाने आपापला एकच फोटो पाहिला होता. चारही एका वेळी कोणी पाहिलेच नव्हते.

मग सीटी, मग दुर्बीण. तुम्ही तेच विचारलंय म्हणून नीट सांगतो. सहा तास उपाशी ठेवलं. रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का ते विचारलं, रक्त गोठण्याची तपासणी आधीच केली होती. घशात कडू औषध फवारलं, जीभ लाकडासारखी झाली. झोपेचं इंजेक्शन दिलं, तरी मी अर्धवट जागा होतो. ठसका लागतो, गुदमरल्यासारखं वाटतं, पण नाकाला ऑक्सिजन असतो. वीसेक मिनिटं. नंतर मला पडद्यावरचा फोटो दाखवला. पिकल्या बोरासारखी तांबूस, चकचकीत गोळी, नळीचं तोंड जवळजवळ बंद करून बसलेली. तुकडा घेतला तेव्हा रक्त आलं. या गाठीत रक्तवाहिन्या पुष्कळ असतात. त्यांनी थंड सलाइन आणि औषध सोडून ते थांबवलं. दोन दिवस थुंकीत लाल रेषा दिसत होत्या, नंतर बंद झाल्या. हे काम जिथे भूलतज्ज्ञ आणि ऑक्सिजनची पूर्ण सोय आहे तिथेच करा, एवढं मात्र जरूर पाहा.

पुढचं लिहायला जड जातं, पण तुमच्या कामाचं आहे. तुकड्याचा पहिला रिपोर्ट आला स्मॉल सेल कॅन्सर. तो फार वेगाने पसरणारा प्रकार. मी नवी वही घेतली आणि कोणाकडून किती येणं, कोणाला किती देणं, सोसायटीचं कर्ज, पोरीच्या नावची पावती, सगळं तारखेसह लिहून काढलं. बायकोला वाटलं मी आडतीचा हिशोब करतोय. डॉक्टरांना मात्र तो रिपोर्ट पटेना. म्हणाले, “चार वर्षं एका जागी बसून राहणारी गाठ अशी नसते.” त्यांनी स्लाइड आणि तुकडा बसवलेला मेणाचा ब्लॉक घेऊन मला मुंबईला टाटाला पाठवलं. तिथे परत तपासणी झाली आणि अकराव्या दिवशी कळलं की तो टिपिकल कार्सिनॉइड आहे. सावकाश वाढणारा, शस्त्रक्रियेने बरा होण्यासारखा. तुकडा बारीक असला आणि काढताना चिरडला गेला तर या दोघांत गल्लत होऊ शकते, असं त्यांनी सांगितलं. म्हणून भाऊ, तुकड्याचा रिपोर्ट काहीही येवो, ब्लॉक मागून घ्या. तो पेशंटचा असतो, मागितला की देतात.

ऑपरेशन मुंबईलाच झालं. दादरला गाडगे महाराज धर्मशाळेत जागा मिळाली म्हणून निभावलं. छातीत नळी, तिची बाटली हातात धरून वॉर्डात फेऱ्या, तीन गोळे असलेला तो श्वास ओढायचा डबा. चौथ्या महिन्यात मी मोंढ्यात परत बसलो. किमो नाही, रेडिएशनचा शेक नाही. दर वर्षी स्कॅन करतो.

पण माझ्या डाव्या फुफ्फुसाचा खालचा भाग गेला. तो गाठीमुळे काढला नाही. गाठीच्या मागे चार वर्षं पू साठून तो सडला होता म्हणून काढावा लागला. सर्जनांनी सांगितलं की वेळेत आला असता तर नळीचा तेवढाच तुकडा कापून दोन टोकं परत जोडता आली असती, फुफ्फुस वाचलं असतं. आज दोन जिने चढलो की मला थांबावं लागतं. तुमची बहीण २९ वर्षांची आहे. सहा महिने थांबून परत स्कॅन करू म्हणणाऱ्यांना विचारा की या सहा महिन्यांत त्या दबलेल्या भागाचं काय होणार.

श्वासविकार_नांदेड

मी छातीविकारांची डॉक्टर आहे. स्कॅन मी पाहिलेला नाही, त्यामुळे निदान सांगत नाहीये. पण मुनीमकाकांनी लिहिलेलं बरोबर आहे, त्याला थोडी जोड देते.

धाप आणि खोकला असलेल्या तरुण माणसाला बहुतेक वेळा दमाच असतो. म्हणून वाचणाऱ्या कोणी उद्या पंप बंद करू नका. मात्र दमा म्हणायच्या आधी फुंकर मारायची तपासणी (स्पायरोमेट्री) झालेली असावी. पंपाचं औषध दिल्यावर फुंकर किमान १२ टक्के आणि २०० मिलिलिटरने सुधारली तर दम्याच्या बाजूचा पुरावा मिळतो. खेड्यापाड्यांत ही तपासणी बहुतेकदा होतच नाही. नळीत गाठ असेल तर या तपासणीच्या आलेखाचा आकारही काही वेळा वेगळा येतो. आणि साध्या फोटोत नळीच्या आतली लहान गाठ हृदयाच्या, मोठ्या रक्तवाहिन्यांच्या सावलीत लपते. फोटो चांगला आला म्हणजे नळी मोकळी आहे असं होत नाही.

‘साधीच गाठ’ या शब्दाचा इतिहास मोठा आहे. १९०७ मध्ये ओबर्नडॉर्फर या जर्मन पॅथॉलॉजिस्टने आतड्यातल्या अशा गाठींना कार्सिनॉइड, म्हणजे कॅन्सरसारखी दिसणारी पण कॅन्सर नसलेली, असं नाव दिलं. १९२९ मध्ये त्यानेच लिहिलं की या गाठी पसरूही शकतात. श्वासनलिकेतल्या कार्सिनॉइडलाही पुढे कितीतरी वर्षं ‘ॲडिनोमा’ म्हणत आणि साधी समजत. आज तिची गणना कॅन्सरमध्येच होते. टिपिकल प्रकार वेळेत काढला तर पाच वर्षांनंतर दहापैकी नऊ जण हयात असतात. ॲटिपिकल प्रकार जास्त पसरतो, म्हणून लसिकाग्रंथीही काढून तपासतात. फुफ्फुसाच्या सगळ्या गाठींत कार्सिनॉइडचं प्रमाण एक-दोन टक्केच. त्यामुळे ज्या डॉक्टरांनी दमा म्हटलं त्यांनी ही गाठ बहुधा एकदाही पाहिलेली नसेल. विडी-सिगारेटशी तिचा तसा संबंध नाही, आणि हळदीच्या धुळीने ती होते असंही नाही. बहिणीला एवढं आवर्जून सांगा. बायका स्वतःला दोष देत बसतात.

जिंतूरकरांची शंका योग्य आहे, टीबी नाही असं अजून ठरलेलं नाही. पण त्याचं उत्तरही दुर्बिणीतूनच मिळेल. एकाच वेळी तुकडा घेता येतो आणि नळी धुऊन ते पाणी टीबीच्या सीबीनॅट तपासणीला पाठवता येतं. नळीतली गाठ म्हणजे कधीकधी अडकलेली सुपारी किंवा चिंचोकाही निघतो, भोवती मांस वाढलेलं असतं. तेही दुर्बिणीशिवाय कळत नाही. आधी कोर्स आणि मग दुर्बीण या क्रमात सहा महिने जातात.

“हत्यार लागलं की पसरते” या भीतीने पेशंट आमच्यापर्यंत उशिरा पोहोचतात. श्वासनलिकेतल्या गाठीचा तुकडा घेतल्याने ती पसरत नाही. आम्हाला काळजी रक्तस्रावाची असते, म्हणून गाठ लालसर आणि चकचकीत दिसली तर आम्ही तयारी ठेवूनच हात लावतो. तिला रक्त येऊन गेलंय हे दुर्बीण करणाऱ्यांना आधीच सांगा.

एक राहिलं. रिपोर्ट कार्सिनॉइडचा आला तर नेहमीच्या पेट स्कॅनमध्ये तो कधी फिका दिसतो किंवा दिसतच नाही. त्यासाठी डोटा पेट स्कॅन वेगळा असतो. पैसे खर्च करण्याआधी कोणता हवा ते विचारून घ्या.

वसमतचा भाऊ

मुनीमकाका, मॅडम, तुमचे दोन्ही प्रतिसाद मी काल पूर्ण्याला जाऊन सगळ्यांसमोर वाचून दाखवले. पाठीला कान लावल्याचं वाचलं तेव्हा बहीण पहिल्यांदा बोलली. म्हणाली, मला माझाच आवाज ऐकू येतो रात्री, उजव्या कुशीवर झोपलं की. दाजी काही न बोलता उठले आणि तिच्या पाठीला कान लावून बसले. मग सासऱ्यांकडे बघून नुसती मान हलवली.

सासरे अजून पुरते तयार नाहीत. पण टीबीचं दुर्बिणीतच कळणार असेल तर करा म्हणाले. विष्णुपुरीच्या सरकारी दवाखान्यात दाखवलं, गुरुवारी सकाळी दुर्बीण ठरलीय. रक्त येऊन गेल्याचं मी स्वतः सांगितलं. त्यांनी भूलतज्ज्ञांना कळवलंय.

जुने फोटो दोनच सापडले. तिसरा भिंतीच्या फटीला लावला होता, पावसाने गेला. सापडलेल्या दोन्हींत उजवीकडे खाली धुरकट आहे. मला यातलं काही कळत नाही, तरी दिसतंय.

काका, मुंबईला जायची वेळ आलीच तर खर्चाचं कसं केलं तुम्ही?

मोंढ्यातला मुनीम

महात्मा फुले योजनेत केलं. माझ्या वेळी मर्यादा दीड लाख होती, आता कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत आहे. रेशन कार्ड आणि आधारवरची नावं जुळतात का ते आजच बघा. लग्नानंतरचं नाव एकावर आणि माहेरचं दुसऱ्यावर असेल तर तिथे दोन दिवस जातात. दवाखान्यात योजनेचे आरोग्यमित्र बसतात, कागद त्यांच्याकडेच द्यायचे. कॅन्सरचं निदान झालं तर रेल्वेत पेशंटला स्लीपरचं तिकीट माफ असतं आणि सोबतच्या एकाला मोठी सवलत. फॉर्म दवाखान्यातून मिळतो. तुम्हाला पूर्ण्याहून देवगिरी बरी पडेल.

ते दोन फोटो गुंडाळी करून नेऊ नका, घडी पडली की तीच रेष डाग वाटते. दोन पुठ्ठ्यांमध्ये घालून न्या. तिसरा फोटो ज्या दवाखान्यात काढला होता तिथे विचारा, मशीन कॉम्प्युटरवरचं असेल तर परत काढून देतील.

गुरुवारी लेकरू कोणाकडे राहणार ते आधी ठरवा. औषधाचा अंमल उतरेपर्यंत तिला काही खाता-पिता येणार नाही, ठसका लागेल, आणि त्या दिवशी तिला लेकराला उचलून घेताही येणार नाही. दुपारपर्यंत कसं झालं ते इथे लिहा. मी मोंढ्यात असलो तरी मोबाइल जवळ ठेवतो.